किनोआची पेज

शामराव देशकर जन्मले अकोल्याला, वाढले ज्वारीच्या भाकरीवर. पण रेल्वेची नोकरी रायपूरला लागली आणि या गावाच्या भातानं माणूस पुरता फितवला. सकाळी भात, रात्री भात, आणि उन्हाळ्यात न्याहारीला रात्रभर पाण्यात भिजलेला शिळा भात, म्हणजे इथली बासी. त्यात मधुमेह जडलेला; त्यामुळे पायाच्या करंगळीला झालेली जखम भरेना, साखर उतरेना, आणि डॉक्टर म्हणाले, "भात बंद करा, नाहीतर बोट काढावं लागेल," तेव्हा त्यांच्या बायकोचं, मंदाकिनीबाईंचं, धाबंच दणाणलं. बोट वाचवायचं होतं, पण भातापासून हा माणूस तोडायचा कसा?

त्यातून बाईंचा स्वभाव मेणाचा. नवऱ्यानं तोंड वाकडं केलं की संपलं. भाकरी केली, तर शामरावांनी कवळी काढून पुढं धरली, "मले नको विचारू, हिले विचार." दलिया केला, तर ताटाकडे असे बघत बसले की बाईंनी मुकाट्यानं भात टाकला. त्यांचं जेवण झाल्यावर मात्र स्वयंपाकघरात जाऊन डोळ्यांना पदर लावला. आपल्याच हातानं आपण यांचा पाय घालवणार, ही भीती त्यांना रात्रंदिवस खाऊ लागली.

अशात लेक रूपाली सदर बाजारातून एक पुडी घेऊन आली. ती नव्या रायपूरला नोकरीला. मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच. "आई, ये किनोआ है. चावल जैसा ही बनाओ. शुगर धीरे बढ़ती है इससे, और पेट भी भरता है."

भातासारखा म्हटल्यावर बाईंनी तो अगदी भातासारखाच केला. या घरात भात भरपूर पाण्यात शिजायचा, पातेल्याच्या तोंडाला फडकं बांधून पेज गाळली जायची, आणि मीठ घातलेली ती पेज, इथले लोक पसिया म्हणतात ती, जेवणाआधी शामरावांना मिळायची. आता किनोआचीही पेज निघू लागली. फक्त धुणं तेवढं राहिलं. पहिल्याच दिवशी ते राईएवढे दाणे बोटांतून निसटून मूठभर मोरीत गेले, आणि एवढी महागाची वस्तू वाया गेली म्हणून बाईंचा जीव असा हळहळला, की पुन्हा धुवायच्या फंदात त्या पडल्या नाहीत.

शामरावांनी पहिला घोट घेतला, डोळे मिटले, जरा थांबले.

"कसं लागून राहिलं?" बाईंचा जीव टांगणीला.

"चांगलं आहे," म्हणाले, आणि वाटी रिकामी केली. वरणाशी किनोआही खाल्ला.

बाईंनी देवाला हात जोडले. भाताखेरीज कशाचंही नाव काढलं की तोंड मुरडणारा माणूस रोज ते निमूट खाऊ लागला. स्वतः बाई मात्र तो चाखतही नव्हत्या. यांना कमी पडू नये म्हणून. ते आडवे झाले की स्वयंपाकघराचं दार लोटून त्या आपला भात खायच्या, त्यांना वाससुद्धा जाऊ नये अशा बेतानं. गोळ्या चालू होत्याच. साखर उतरली, जखम सुकायला लागली. बाईंनी साऱ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, किनोआचे गोडवे गायले.

ते ऐकून एका दुपारी शेजारची कलावती नेमकी जेवणाच्या वेळी आली. "पाहू तर, मलेही चाखू दे." शामराव बाहेरच्या खोलीत वाट बघत होते. कलावतीनं पेजेचा एक घोट घेतला आणि मोरीकडे धावली.

"अगं बाई, कडू जहर! काय पाजून राहिली तू माणसाले?"

बाईंनी घोट घेतला. जिभेपासून घशापर्यंत कडू. किनोआ खाल्ला; तोही कडू. कोरडे दाणे पाण्यात टाकून चोळले, तर रिठ्यासारखा फेस वर आला. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला: दाणे न धुतल्यानं हा कडूपणा राहिला होता. कलावती हळूच घरी गेली.

बाई बाहेरच्या खोलीत आल्या. "इतकं कडू होतं, तर काहून नाही बोलले तुम्ही?"

शामराव पायाकडे बघत राहिले. "बोललो असतो, तर तू काय केलं असतं?"

मग उत्तरही त्यांनीच दिलं.

"भात टाकला असता. अन् मी खाल्ला असता. तुले माहं वाकडं तोंड पाहवत नाही, अन् मले भात सोडवत नाही. म्हटलं, आपण तोंड सरळ ठेवू. तेवढंच माह्या हातात होतं."

बाई तिथंच जमिनीवर बसल्या. इतके दिवस त्यांनी डॉक्टरांचे आभार मानले, देवाचे मानले, रूपालीचे मानले, दुकानदाराचेही मनातल्या मनात मानले. ज्याचे मानायचे, तो रोज समोर बसून कडू गिळत होता.

"लय उपकार झाले तुमचे," त्या म्हणाल्या.

"आता घ्या! पाय माहा, अन् उपकार तुह्यावर?"

"हव, माह्यावर," बाई म्हणाल्या आणि डोळे पुसून उठल्या.

फडक्यात बांधून, फेस जाईपर्यंत त्यांनी किनोआ धुतला. शिजवला, वर जिऱ्याची फोडणी घातली, आणि दोन ताटं शेजारी शेजारी मांडली. शामरावांनी घास घेतला. चावला. बाईंकडे बघितलं, मग भराभर जेवू लागले, आणि इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच ताट पुढं सरकवून म्हणाले, "अजून वाढ."