लाल रंगाचे एकोणपन्नास कागद

मी संशयी माणूस आहे. भाजीवाल्यानं दोन मिरच्या जास्त घातल्या तरी मी वांगी उलटून बघतो. नागभीडला घराच्या मागच्या खोलीत मी स्क्रीनवर, म्हणजे चौकटीत ताणलेल्या जाळीतून शाई ओढून, पत्रिका छापतो. लग्नाच्या लाल, तेरवीच्या काळ्या. एका पत्रिकेला एकच रंग. दोन रंग म्हणजे एकावर एक दोनदा छापणं, दुप्पट डोकेदुखी, हे माझं शास्त्र.

नव्याण्णव साली आमच्याकडं पोलीस ठाण्याचा जमादार आला. गडचिरोलीकडच्या जंगलात झाडांवर नक्षलवाद्यांचे लाल अक्षरांतले कागद चिकटत होते, म्हणून प्रत्येक छापणाऱ्याची चौकशी चालली होती. दोरीवर वाळत घातलेल्या पत्रिका त्यानं एकेक करून वाचल्या. "पत्रूभाऊ, लाल रंगात काई उलटंसुलटं निंगालं तुह्या घरातून, त धंदा गेला समज. तुले बी उचलन."

माझी झोपच उडाली. त्यात आठ दिवसांनी बघतो तर लाल शाईचा डबा बोटभर खाली. लग्नसराई संपलेली, मी डब्याला हात लावला नव्हता. मंजुषाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, नखांत लाल दिसलं.

"कुंकू सांडलं," ती म्हणाली.

कुंकू सांडतं ते दहाही नखांत शिरतं होय? माझ्या मनात पाल चुकचुकली. तिचा भाऊ चैतू धानोऱ्यापलीकडं जंगलात मास्तर. त्या महिन्यात दोनदा येऊन गेला, एकदा कागदांची गुंडाळी घेऊन. दोन आणि दोन चार करायला मला वेळ लागत नाही. कधी कधी मी पाचही करतो.

एके दुपारी गावात पत्रिका देऊन मी लवकर परतलो. दाराला आतून कडी. तिनं उशिरा उघडलं, अंगाला शाई पुसायच्या रॉकेलचा वास.

"आज लवकर काऊन?"

"काऊन, येऊ नाई का?"

दुसऱ्या दिवशी ती गिरणीवर गेली आणि मी घर धुंडाळलं. धानाच्या कोठीमागं एक स्क्रीन आणि कागदांचा गठ्ठा होता. प्रत्येक कागदावर एकच लाल आकृती: वाकलेला माणूस, चेहरा नाही, डोक्याला लाल फडकं, दोन्ही हातांत आडवं, लांब काहीतरी घट्ट धरलेलं.

बंदूक! दुसरं काय असणार? मजकूर नंतर छापणार असतील. तिला विचारावं असं एकदाही मनात आलं नाही, याची आज लाज वाटते. गठ्ठा चुलीत घातला, स्क्रीन उजेडाला धरूनही न बघता ब्लीचिंग पावडरनं घासून कोरी केली. त्याच चुलीवर तिनं संध्याकाळी भात शिजवला आणि मी तो मुकाट जेवलो. पुढचे दोन दिवस तिच्यावर नजर ठेवली.

तिसऱ्या दिवशी अयूब आला. त्याचं फोटोफ्रेमचं दुकान आहे. हातात काचेची एक फ्रेम.

"वहिनी, नमुना मढवला. बाकीचे एकोणपन्नास कवा देता? रविवारी ब्रह्मपुरीच्या कॉलेजातल्या प्रदर्शनात लावाचे हायेत न."

मी फ्रेम पाहिली. तीच लाल आकृती होती. पण तिच्यावर आता काळा रंग चढला होता, आणि त्या काळ्यात टेबल होतं, स्क्रीन होती, मागं दोरीवर पत्रिका होत्या. चेहराही होता. माझा. डोक्याला माझा गमछा, हातांत शाई ओढायची माझी पट्टी, लग्नांच्या शाईनं लाल झालेली. काम करताना दातांत जीभ धरतो, तीसुद्धा तिनं सोडली नव्हती. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, १/५०, म्हणजे पन्नास प्रतींतली पहिली.

मंजुषा कोठीमागं गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली.

"मी जाळले," मी म्हणालो. "स्क्रीन बी धुतली. मले वाटलं, चैतूसाठी तू..."

ती खाली बसली. "दोन महिने करून राह्यली होती मी. चैतूनं कागद आनून देल्ले. रविवारी तुमाले तिथी नेऊन दाखवाचं होतं." मग म्हणाली, "मले इचाराचं होतं न."

साप साप म्हणून भुई धोपटली म्हणतात. मी तर भुईवर माझंच चित्र होतं ते धोपटलं.

खालचे पन्नास खोडून एक कर, असं मी सुचवलं. ती म्हणाली, "नाई. पन्नासच होते."

रविवारी कॉलेजच्या भिंतीवर ती एकच फ्रेम लागली. बंदोबस्ताला तोच जमादार होता. त्यानं चित्र पाहिलं, मला पाहिलं, हसला, मग खालचा आकडा वाचला.

"बाकीचे कुठी हायेत, पत्रूभाऊ?"

"जाळले, साहेब. संशय आला होता."

"कोनाचा?"

मंजुषा शेजारीच उभी होती. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"बायकोचा," मी म्हणालो.