आठ मुठी गहू

डिंडोलीच्या एका गल्लीत रंजना आणि गायत्री एकाच साडीच्या दोन टोकांना बसून टिकल्या चिकटवत. साडी संपत आली की दोघींची डोकी जवळ येत. पुढे डोकी जवळ आणायला साडी लागेनाशी झाली.

एका दुपारी रंजनाचा नवरा बन्सीलाल कामावरून लवकर आला.

*

गल्लीला त्याने सांगितलं, गायत्री कुणा ड्रायव्हरबरोबर पळाली.

(पळाली नव्हती. कतारगामला बन्सीलालच्या टिकलीकामाच्या गाळ्यावर खोली होती. तिथे त्याने तिची जीभ कापली. कात्रीने. रंजनाने ते पाहिलं नाही, म्हणून इथे एवढंच.)

*

समुद्रापलीकडच्या एका जुन्या गोष्टीत जीभ कापलेली बाई कापड विणून बहिणीला सगळं कळवते.

या दोघी बहिणी नव्हत्या.

*

कोंडलेल्या गायत्रीकडून तो काम करून घेई. तिच्या साड्यांचे गठ्ठे धागे कापायला त्याच्याच घरी, रंजनाकडे येत. साडी उलगडून बघणं हे त्याला बायकांचं काम वाटे.

चौदावी साडी. पदराच्या उलट बाजूला, टिकल्यांनी :

दार, बाहेरून कडी

जिना

तोंड, उघडं

कात्री

आणि कोपऱ्यात एकमेकींना चिकटलेल्या दोन टिकल्या. ही गायत्रीची खूण.

गठ्ठ्याच्या चिठ्ठीवर गाळ्याचा नंबर होता. रंजनाने साडीची घडी घातली आणि भाकरी टाकायला घेतल्या.

*

श्रावण. कानबाई देवीच्या नैवेद्याचे रोट. घरात जितके पुरुष तितक्या मुठी गहू, मोठ्या सुनेच्या हाताने. भाऊ, पुतणे धरून पुरुष नऊ.

"रंजना, आठच मुठी टाक्यात तू," सासू, प्रमिलाबाई, म्हणाली.

"आठच शेतस, आत्याबाई."

"मना बन्सी मरी ग्या का?"

"आजून नही."

प्रमिलाबाई खो खो हसली. "भांडण व्हयनं वाटस! टाक नववी, येडी."

रंजनाने आठच मुठी दळून आणल्या. नववी टाकली असती तर तो घरातला राहिला असता, आणि घरातल्या माणसाला मारणं तिला जमलं नसतं.

*

रविवारी कानबाई बसली. बाहेरच्या खोलीत बायका गाणी म्हणत होत्या. बन्सीलालला भेस्तानला माल पोचवायला जायचं होतं, म्हणून तो आधीच चुलीपाशी जेवायला बसला. खीर त्याने दोनदा मागितली. खिरीत काय होतं ते रंजनाने पुढे कोणालाच सांगितलं नाही.

"रोट कोठे शे?"

"तुमची मूठ टाकली नाही."

"कसाले?"

"मी साडी उलगडली."

तो उठायला गेला. पाय उठले नाहीत. बाहेर गाणं वरच्या पट्टीत गेलं. ते संपेपर्यंत रंजना त्याच्यासमोर बसून राहिली, मग त्याच्या खिशातून किल्ली काढून मागच्या दाराने निघाली.

*

कतारगाम. जिना. कडी. कुलूप.

गायत्री भिंतीला पाठ लावून उभी होती. केस कापलेले, हातात लाकडी पट्टीचं टोक, घासून घासून अणकुचीदार केलेलं.

"तो नाही आता," रंजना म्हणाली. "मी केलं."

गायत्रीने तिच्या कानाखाली वाजवली. पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा उचललेला हात रंजनाने धरला. मग पट्टी खाली पडली आणि गायत्रीचं तोंड तिच्या मानेत शिरलं, उघडं, आवाजाशिवाय.

ते टोक गायत्री रोज कुणासाठी घासत होती, हे रंजनाला तेव्हा कळलं.

"चुकलं," रंजना म्हणाली. "तुला विचारायला पाहिजे होतं."

गायत्रीने मान हलवली. हो.

मग रंजनाचं मनगट धरलं आणि जिन्याकडे बोट केलं.