गौहरचा पहिला बार

गारखेड्यात आमच्या दारात अंजिराचं झाड आहे आणि मी त्याचं एकही फळ खाल्लेलं नाही. हे ऐकून लोक माझ्या बायकोला नाही, मलाच हसतात.

झाड लावलं द्वारकानं, माझ्या बायकोनं. तिच्या माहेरी, शहरात, भिंतीला भिंत लागून तिच्या मैत्रिणीचं, गौहरचं घर होतं. पोलिस ॲक्शननंतर गौहरचे वडील बिऱ्हाड घेऊन कराचीला गेले. निघताना गौहरनं अंगणातल्या अंजिराची फांदी कापून द्वारकाच्या हातात दिली. त्या दोन घरांची एक रीत होती. फांदी ज्यानं दिली, त्याच्या तोंडी पहिला बार, म्हणजे झाडाचं पहिलं पीक, लागल्याशिवाय लावणाऱ्यानं फळ चाखायचं नाही.

न्हाणीचं पाणी, चुलीतली राख, दसऱ्याला छाटणी, सगळं द्वारका स्वतः करते. उन्हाळ्यात झाड लगडतं आणि बुलबुल जेवून जातात.

"पाखरांना चालतं, नवऱ्याला नाय," मी दरसाल म्हणतो.

"पाखरांना रीत नाय. आपल्याला हाय."

मग ती फाटकाकडे बघत बसते. मला तिचा राग येतो, आणि दयाही.

यंदा गौहरची धाकटी बहीण जाहेदा आली. ती करमाडला दिलेली, म्हणून इथंच राहिलेली. आता बहिणीला भेटायला पहिल्यांदाच कराचीला निघाली होती.

मी म्हणालो, "तुझ्या आपाला सांग, तिच्यापायी मी अंजिराविना म्हातारा झालो."

जाहेदा हसली नाही. "दुल्हेभाई, मागल्या साली माझा दीर तिकडं जाऊन आला. बाजारात लई अंजीर. पण आपा हात लावत नाय. म्हणते, द्वारकाचा बार यायचा हाय अजून."

द्वारका उठली आणि पिकलेली फळं उतरवायला लागली. ताजं अंजीर इतक्या लांब टिकत नाही. तिनं एकेक फळ अंगठ्यानं चपटं केलं, पातळ लुगड्याखाली गच्चीवर वाळवलं आणि काठी घेऊन उन्हात राखण बसली. बुलबुलांना तेवढ्या वर्षी उपास घडला.

जाहेदा सुक्या अंजिरांचा डबा घेऊन गेली, त्या संध्याकाळी द्वारकानं झाडावरचं एक अंजीर माझ्या हातावर ठेवलं. मऊ होतं, बुडाशी मध आलेलं. तिचे डोळे भरले होते.

"खा आता. गेला तिचा बार."

मी ते कोनाड्यात ठेवलं.

"मुंग्या लागतील," ती म्हणाली.

"लागू दे. आधी तिला पोचू दे."