बोललं ते झालं

“चार.” घड्याळजींनी पेन्सिलीचं टोक टेबलावर आपटलं. “पाच. काकांची पाळी गेली.”

लेकीने बाबांकडे पाहिलं. चाकांच्या खुर्चीत पुढे झुकून ते डाव्या हाताने आपली लाकडी सोंगटी नकाशावरच्या पुरातून काठाकडे ढकलत होते. घड्याळजींनी ती उचलली आणि पुन्हा पुरात ठेवली.

रविवारी दुपारी घड्याळजींचं दुकान बंद असे, तेव्हा मागच्या खोलीत हा खेळ चाले. घड्याळजी सूत्रधार. पूर, किल्ला, राणी, तिचे भालदार, सगळं त्यांच्या तोंडून यायचं. बाकीच्यांनी, म्हणजे बाबा, लेक, बेकरीवाला आणि ग्रंथपालबाई यांनी, आपापलं पात्र काय करतंय ते सांगायचं, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा; मोठा आकडा आला की जमलं. खेळाच्या जाडजूड पुस्तकात नियम ढीगभर होते, पण या खोलीचे स्वतःचे दोन होते आणि ते घड्याळजींच्या टपोऱ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीवर चिकटवलेले होते. बोललं ते झालं. पाच मोजेपर्यंत बोलला नाहीत तर पाळी गेली. खरं तर ते बेकरीवाल्यासाठी केले होते. तो चाल करायला अर्धा तास घ्यायचा आणि केलेली चाल दहा वेळा मागे घ्यायचा.

बाबांना या नियमांचा कधी त्रास झाला नव्हता. लिफ्ट दुरुस्त करण्यात जन्म गेलेला माणूस. आठवडाभर अंधारात तारांशी एकटाच झटायचा आणि रविवारी इथे येऊन सगळी कसर भरून काढायचा. खेळात त्यांचं पात्र नावाड्याचं, आणि तो राणीलासुद्धा फाडफाड बोलायचा. चार महिन्यांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली आणि शब्द गेले. कळायचं सगळं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, “बरं.” चहा हवा का? बरं. पाय दुखतोय का? बरं. नको असलं तरी आधी बरं, आणि मग डावा हात जोरजोरात नाही म्हणायचा. आज ते पहिल्यांदाच परत आले होते. सकाळी आठपासून शर्ट घालून तयार बसले होते.

“ते काठाला जातायत,” लेक म्हणाली. “दिसतंय ना तुम्हाला?”

“ढकलणं म्हणजे बोलणं नव्हे, ताई. आणि दुसऱ्याच्या पात्रासाठी आपण बोलायचं नाही.”

“अहो, त्यांना बोलता येत नाही!”

“मला वाईट वाटत नाही का? पण नियम सगळ्यांना एकच. आज एकासाठी सोडला, की उद्या खेळ उरत नाही.”

ग्रंथपालबाईंनी चष्मा काढून पुसायला घेतला. बेकरीवाला आपल्या सोंगटीकडे बघत राहिला. सहा वर्षं बाबांच्या विनोदांवर पोट धरून हसलेली ही माणसं!

पुढच्या फेरीत घड्याळजी बाबांकडे वळले. आवाज मधाळ झाला होता.

“काका, नावाडी पुरात उभा राहून दोर धरतो ना? म्हणजे बाकीचे पार होतील.”

“बरं,” बाबा म्हणाले, आणि लगेच त्यांचा डावा हात हवेत नाही, नाही करू लागला.

“बोललं ते झालं.”

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “हे काय चाललंय? त्यांचा एकच शब्द उरलाय आणि त्यातच पकडताय त्यांना?”

“ताई, नावाड्याला मानाने जाऊ द्या,” घड्याळजी हळू म्हणाले. “काकांनाही दगदग नको दर रविवारी.”

असं होतं तर. पूर नावाड्यासाठी नव्हताच, बाबांना खेळातून काढण्यासाठी होता. ती उठली आणि तिने खुर्चीचा ब्रेक सोडला. पण खुर्ची हलेना. बाबांनी डाव्या हाताने टेबलाची कड गच्च धरली होती. ते तिच्याकडे बघतही नव्हते, भिंतीवरचा कागद वाचत होते. तिने ब्रेक पुन्हा लावला.

दोर टिकला का ते फाशाने ठरणार होतं. बाबांनी फासा टाकला. अठरा.

“वाचला,” घड्याळजी म्हणाले. त्यांना ते फारसं रुचलेलं दिसलं नाही.

सगळे किल्ल्यात पोचले, तर राणीच्या भालदारांनी घेरलं. राणीने शपथ मागितली. जो शपथ घेईल, तो कायमचा तिच्या हुकमाचा ताबेदार. जो नकार देईल, त्याच्या छातीत भाला. बेकरीवाला हो म्हणाला. ग्रंथपालबाई हो म्हणाल्या. लेकीनेही दातओठ खात हो म्हटलं.

“काका, नावाडी शपथ घेतो?”

लेकीने डोळे मिटले. तो शब्द त्यांच्या जिभेवर बसलेलाच असायचा. विचार करायच्या आत बाहेर पडायचा.

“एक,” पेन्सिल वाजली.

तिने डोळे उघडले. बाबांनी डावा तळवा स्वतःच्या तोंडावर दाबून धरला होता. तळव्याआड तो शब्द बाहेर पडायला धडपडत होता. दोन. तीन. चार. हात हलला नाही.

“पाच,” घड्याळजी म्हणाले आणि थांबले.

ग्रंथपालबाईंनी चष्मा चढवून भिंतीवरचा कागद वाचला. “म्हणजे काकांची पाळी गेली. त्यांनी शपथ घेतली नाही, आणि नकारही दिला नाही. मग भालाही नाही.”

“राणी शस्त्रं टाकायला सांगते,” घड्याळजी घाईने म्हणाले.

“आम्ही टाकली,” बेकरीवाला म्हणाला. “आम्ही ताबेदार. नावाडी कुठे ताबेदार आहे?”

घड्याळजी उठले. “हे बघा, सूत्रधाराला नियम बदलता येतो.” ते भिंतीपाशी गेले आणि कागदाचा कोपरा नखाने उचकटू लागले.

“राहू द्या तो,” लेक म्हणाली. “सगळ्यांना एकच आहे ना?”

घड्याळजींचं नख कोपऱ्यावरच राहिलं. बाबांनी तोंडावरचा हात काढला. गालावर चार बोटांचे लाल वळ उमटले होते. त्या हाताने त्यांनी नावाड्याची सोंगटी हळूहळू भालदारांमधून पुढे सरकवली, थेट राणीसमोर उभी केली, “बरं,” म्हणाले आणि फासा उचलला.