लाल भट्टीतले लोखंडी हात

मित्रांनो, माझ्यात आजवर इतकी माणसं मेली आहेत की सर्व्हरनेही त्यांची मोजदाद सोडून दिली. कुणी वितळलेल्या लोखंडात पडलं, कुणी दुसऱ्याच्या रॉकेटने उडालं, कुणी स्वतःच्याच रॉकेटने उडालं आणि दोष माउसला दिला. सगळी पुढच्याच क्षणी उठून पुन्हा धावायला लागली, म्हणून माझ्यावर खटला झाला नाही. मी एक म्हातारी लेव्हल आहे. बंदुकीच्या गेममध्ये धावत, उड्या मारत, गोळ्या चुकवत जो मुलूख पार करायचा असतो, तो म्हणजे मी. माझं नाव लाल भट्टी.

माझा जन्म टेक्सासमध्ये गाद्यांच्या एका दुकानावरच्या मजल्यावर झाला. उन्हाळ्यात तिथे इतकं उकडायचं की खालच्या नव्या गाद्यांनाही घाम फुटायचा म्हणे. मी काही खाली जाऊन पाहिलं नाही, पण ऐकलेलं सगळं खरं धरायची मला सवय आहे.

माझी आई डेल्फीन थिबोडो. ती लुइझियानाची. तरुणपणी चाकांच्या बुटांवर शर्यती खेळायची. गुडघा गेला, शर्यती सुटल्या, आणि ती लेव्हल बांधायला लागली. जगातली बाकी घरं आधी बांधतात, मग त्यांत पोरं धावतात. माझं उलटं झालं. डेल्फीनने एक करडं, मोकळं पठार घेतलं आणि त्यावर नुसती धावत सुटली. किती दिवस धावली ते विचारू नका, कीबोर्डवरची पुढे जायची कळ झिजून गुळगुळीत झाली होती. जिथून ती गेली ती वाट झाली. जिथे उडीनंतर पाय टेकला तिथे ओटा झाला. जिथे ती कधीच गेली नाही, तिथे तिने भिंती उभ्या केल्या.

कारण आमच्या गेमचा कायदा एकच होता. थांबला तो मेला. राक्षस चारी बाजूंनी नेम धरायचे, आणि पळत्या माणसाला त्यांचा नेम लागायचा नाही.

"वळणावर कुणाला थांबावं लागलं, तर चूक त्याची नाही, वळणाची," ती म्हणायची.

मी करडी होते, ठोकळ्यांची होते, पण माझ्यातून धावताना वारा लागल्यासारखं वाटायचं. मग मला नटवायला ऑझगुड हॅस्केल आला. तो गेम बनवणाऱ्या आमच्या कंपनीचा चित्रकार, हाताचा कसबी आणि त्या कसबाचा गर्विष्ठ. त्याने मला गंजलेलं लोखंड चढवलं, साखळ्या टांगल्या आणि प्रत्येक वळणावर भिंतीतून बाहेर आलेले लोखंडी हात लावले. प्रत्येक हाताच्या मुठीत एक दिवा. मित्रांनो, खोटं कशाला सांगू, मी स्वतःच्या प्रेमात पडले. कंपनीचे मालक हार्लन प्रुइट यांनी मला पाहिलं आणि हातातला सोड्याचा कॅन तिरका होऊन बूट भिजले तरी त्यांना कळलं नाही.

"उद्या मासिकाचा छायाचित्रकार येतोय," ते म्हणाले. "हे हात पहिल्या पानावर."

पण त्याआधी माझी परीक्षा होती. गेमच्या तबकडीवर एकाच लेव्हलची जागा उरली होती, आणि माझ्याऐवजी घ्यायला पाण्यातला एक किल्ला तयार बसला होता. मी पास झाले नाही, तर मला पुसणार होते.

परीक्षेची आमच्याकडे एक रीत होती. लेव्हल कधीही न पाहिलेला माणूस खेळायला बसवायचे. बांधणाऱ्याने त्याच्या मागे बसायचं, आणि दातांत लोणच्याची एक आख्खी काकडी धरायची. का, तर बांधणाऱ्याला राहवत नाही. 'डावीकडे, अरे डावीकडे' असं तोंडून निघतंच. काकडी जमिनीवर पडली की लेव्हल बाद.

"गिऱ्हाईक गेमचा डबा फोडतं, तेव्हा आतून डेल्फीन निघत नाही," हार्लन म्हणायचे.

खेळायला नेस्टर विलागोमेझला बोलावलं होतं. तो तॉर्तियांची, म्हणजे मक्याच्या पोळ्यांची, गाडी चालवायचा. लाल सिग्नलला गाडी थांबली तरी त्याची बोटं स्टिअरिंगवर पळतच असायची. तो बसला आणि डेल्फीनने काकडी दातांत धरली.

नेस्टर सुटला. पहिलं वळण आलं आणि तो अडकला. राक्षसाने त्याला उडवलं. पुन्हा सुटला, दुसऱ्या वळणावर अडकला. ह्या गेममध्ये स्वतःचं अंग दिसत नाही, समोर दिसते फक्त बंदूक. भिंतीतल्या लोखंडी हातात खांदा अडकतोय, हे धावणाऱ्याला कळणार कसं?

"भिंतींना च्युइंगम लावलंय का कुणी?" नेस्टर कुरकुरला.

डेल्फीनला सगळं दिसत होतं. तिचे डोळे ऑझगुडला जाळत होते आणि काकडीतून आंबट पाणी हनुवटीवर गळत होतं. रखडत, ठेचकाळत नेस्टर शेवटच्या वळणापाशी पोचला. तिथे खाली उकळतं लोखंड आणि पलीकडे उंच ओटा. शेवटच्या हाताने त्याला धरलं आणि तो सरळ लोखंडात गेला.

हार्लन उठले. "जेवून येऊ. आल्यावर एकच फेरी. तिच्यातही भिंतीने धरलं, तर किल्ला घ्यायचा आणि हिला पुसायचं."

मंडळी रस्त्यापलीकडे ब्रिस्केट, म्हणजे धुरावर भाजलेलं मांस, खायला गेली. मागे उरले दोघं, डेल्फीन आणि ऑझगुड. डेल्फीनने काकडी बशीत ठेवली.

"ते हात काढ, ऑझी."

"वेडी आहेस का? उद्या फोटो आहे. हात काढले तर उरतं काय? गोदाम."

"गोदामात माणूस धावू तरी शकतो."

"हो, तुझ्या त्या गुडघ्याने."

बोलून गेला आणि त्यालाच कसंसं झालं. डेल्फीन पडद्याकडे वळली. माउस धरून कामाला लागली. ऑझगुड दाराकडे गेला, दाराशी घुटमळला, परत आला.

"काय करतेयस?"

"हातांवर भिंत घालतेय. दिसणार नाही. तुझे हात तसेच राहतील, पण खांदा ह्या अस्तरावरून घसरून पुढे जाईल."

तो तिच्या खांद्यावरून बघत राहिला. एकेक वळण ती झाकत गेली. मला ते अस्तर जाणवत होतं, मित्रांनो, तापल्या अंगावर ओलं फडकं फिरवावं तसं.

"पण हे सगळं पुन्हा शिजायला लागेल ना?" ऑझगुडने विचारलं. लेव्हलमध्ये काही बदललं की कॉम्प्युटर ती पहिल्यापासून जुळवून घेतो. त्याला ते लोक शिजवणं म्हणायचे.

"लागेल."

"किती वेळ?"

"तुझ्या दिव्यांसकट? संध्याकाळ होईल. प्रत्येक दिव्याचा उजेड कुठे पडतो, सावली कुठे जाते, सगळा हिशोब करत बसतो तो."

ऑझगुडने त्या दिव्यांवर जिवापाड मेहनत घेतली होती. एकेका मुठीतला उजेड त्याने घरच्या चुलीसमोर बसून पाहून रंगवला होता. 

"दिव्यांचा हिशोब वगळून शिजव," तो म्हणाला.

"सगळं पिठासारखं सपाट दिसेल, ऑझी. तुझं काम कुणाला दिसायचं नाही."

"फोटो उद्या आहे. धावायचं आज आहे."

जिन्यावर बुटांचे आवाज आले. एक वळण राहिलं होतं, शेवटचं, उकळत्या लोखंडावरचं. डेल्फीनने त्या वळणाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि शिजवण्याची कळ दाबली. मी पुरती शिजायच्या आधी हार्लन आत आले असते तर ही गोष्ट तुम्हाला किल्ल्याने सांगितली असती. पण जिन्यात ते दम खायला थांबले. ब्रिस्केट जास्त झालं होतं.

"दिवे कुठे गेले?" पडदा पाहून त्यांनी विचारलं.

"उद्या लागतील," ऑझगुड म्हणाला.

डेल्फीनने काकडी उचलून पुन्हा दातांत धरली. नेस्टर बसला.

पहिलं वळण. खांदा अस्तराला लागला आणि घसरला. नेस्टरने भुवई उचलली. दुसरं वळण, तिसरं. राक्षस मागे पडत गेले. तो बोलेनासा झाला, त्याची पाठ खुर्चीवरून सुटली. खोलीतले सगळे नकळत त्याच्याबरोबर डावी-उजवीकडे झुकायला लागले. फक्त डेल्फीन ताठ होती. पुढे काय आहे ते तिला ठाऊक होतं. तो उघडा हात, खाली लोखंड. एक शब्द पुरला असता. तो शब्द काकडीमागे अडकला होता.

नेस्टर शेवटच्या वळणात शिरला.

पहिल्या फेरीत तो इथे रखडत आला होता. आता कुठेच न अडकता आल्यामुळे वाटेतला सगळा वेग त्याच्यात साठला होता. त्याने उडी घेतली, लोखंडी हात त्याच्या पायाखालून गेला, आणि तो पलीकडच्या ओट्यावर असा उतरला, जशी डेल्फीन एके काळी उतरली होती, भिंती नव्हत्या तेव्हा.

त्याच क्षणी डेल्फीनचे दात मिटले. काकडी कचकन तुटली. अर्धी तोंडात राहिली, अर्धी खाली सुटली.

 हार्लननी जमिनीकडे पाहिलं. जमीन कोरडी होती. तिच्या हनुवटीखाली ऑझगुडचा तळहात होता, आणि तळहातावर अर्धी काकडी.

"पडली नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे आहे."

"अजून एकदा खेळू का?" नेस्टरने विचारलं. माझा निकाल तोच होता.

त्यानंतर माझे चांगले दिवस आले. फोटो छापून आला, दिव्यांसकट. देशोदेशीची माणसं माझ्यात धावली. अस्तराबद्दल कधी कुणी विचारलं नाही, कारण ते कुणाला जाणवलंच नाही. मग नवे गेम आले. माझ्यापेक्षा कितीतरी देखण्या लेव्हली आल्या आणि एकेक सर्व्हर बंद होत गेला. आता मी नेस्टरच्या गॅरेजमध्ये एका जुन्या मशीनवर जगते. वीज कधी जाईल सांगता येत नाही. बरेच दिवस माझ्यात फक्त राक्षस असतात, आणि ते कुणाची तरी वाट पाहत भिंतीकडे तोंड करून उभे राहतात.

मित्रांनो, तुम्हीही पुढे काही ना काही बांधाल. दुसऱ्याच्या वाटेवर काही सुंदर ठेवाल तेव्हा आधी स्वतः तिथून एकदा धावून बघा. आणि एखादं जुनं मशीन बंद करण्याआधी आत कुणी आहे का, एवढं पाहा.

शेवटच्या वळणावरच्या हाताला डेल्फीनने पुढे कधीच अस्तर घातलं नाही. वेगात येणारा त्यावरून उडून जातो, रेंगाळणाऱ्याला तो धरतो. परवा ती गॅरेजमध्ये येऊन माझ्यात खेळायला बसली होती. केस पिकलेत, बोटं आखडलीत. हळूहळू चालत ती त्या वळणापाशी पोचली आणि लोखंडी हाताने तिचा खांदा धरला.

"बरं बाबा, बरं," ती म्हणाली. मागे वळली, पार पहिल्या दारापर्यंत गेली, आणि धावत सुटली.