निळीची उतावीळ

वैद्यकीय कॉलेजच्या शरीररचना विभागात, हाडांच्या कपाटामागे, एका खिडकीपुरती जागा चार्टताईंची होती. शिकवायचे तक्ते रंगवणं हे त्यांचं काम. बावीस वर्षांत त्यांनी हृदय एकतीस वेळा रंगवलं, कान चौदा वेळा, आणि मेरुरज्जूचा आडवा छेद किती वेळा, ते मोजणं सोडून दिलं होतं. मुलं तक्त्यावर बोट ठेवून पाठ करत, आणि बोट ठेवलेल्या जागेचा रंग आधी जाई. मेरुरज्जूच्या तक्त्यावर बोट ठेवायच्या जागा फार.

पाठीच्या कण्याच्या आतून करंगळीएवढी एक दोरी उतरते, तोच मेरुरज्जू. ती आडवी कापली की मधोमध करडं फुलपाखरू दिसतं. त्याच्या पुढच्या पंखांत चेतापेशींचे घोळके बसलेले असतात, आतल्या अंगाचे धडासाठी, बाहेरचे हातापायांसाठी. ताई ते ठिपक्यांनी काढत. फुलपाखराभोवती, पांढऱ्या भागात, तंतूंच्या वाटा. काही खालून वर निघालेल्या, काही वरून खाली. तिथे रंग चुकला की विभागप्रमुख बाई बोलत काही नसत, नुसता चष्मा काढत.

पहिल्या वर्षी ताईंनी एक चूक केली होती. मूळ चित्रात निळी रेघ एका बाजूने आत शिरून लगेच दुसऱ्या बाजूला जात होती. काढणाऱ्याचा हात घसरला असणार, असं समजून ताईंनी ती सरळ केली. बाईंनी चष्मा काढला.

"छान आलंय," त्या म्हणाल्या, "फक्त असा माणूस अजून जन्माला यायचाय."

मग बाईंनी समजावलं. निळी म्हणजे दुखण्याची आणि ऊन-गाराची वाट. हिरवी म्हणजे पाय कुठे आहे ते न बघता सांगणारी. तांबडी म्हणजे मेंदूचा हुकूम, दोरीत शिरण्याआधीच बाजू बदलून, स्नायूंपर्यंत पोचवणारी. ताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा चुकू नये म्हणून दळणाच्या चालीवर चार ओळी जुळवल्या. ब्रश चालला की त्या आपोआप ओठांवर येत:

निळी गं उतावीळ, आत शिरता पल्याड जाई,
हिरवी शहाणी बाई, वरपर्यंत अल्याड राही,
तांबडी उतरे वरून, उंबऱ्याशीच ओलांडून,
मग आपल्या कुशीला राहून, पाय हलवी.

या ओळींचा रंगांच्या डब्यांपलीकडे काही उपयोग असेल, असं ताईंना कधी वाटलं नव्हतं.

त्यांचा धाकटा भाऊ बस चालवी. एकोणीस वर्षांत त्याने कुणाला खरचटूही दिलं नव्हतं, आणि हे तो दर भेटीत सांगे. गेले दोन महिने मात्र तो म्हणत होता, उजवा पाय जड झालाय, ब्रेकवर वेळेत येत नाही. गाडी नको, मला काही दिवस ऑफिसात बसवा. डेपोने त्याला डेपोच्या डॉक्टरांकडे धाडलं.

शुक्रवारी संध्याकाळी ताई त्याच्याकडे गेल्या, तेव्हा भावजय आतल्या दारात कंबरेवर हात ठेवून उभी होती. भाऊ खुर्चीत, पँट गुडघ्यापर्यंत वर. डाव्या पोटरीवर तळहाताएवढा भाजल्याचा फोड.

"हे कशानं?"

"इंजिनाच्या झाकणानं. डावा पाय टेकून बसलो होतो म्हणे. कंडक्टर म्हणाला, साहेब, काहीतरी जळतंय. मी म्हटलं, बघ बाबा कुठल्या प्रवाशाचं आहे."

"आणि तुला कळलं नाही?"

"कळलं असतं तर बसलो असतो का?"

भावजय दारातून म्हणाली, "वन्सं, तुम्हीच विचारा आता. दोन महिने उजवा पाय, उजवा पाय. आज भाजून आले तो डावा. उद्या म्हणतील, तुझाच पाय दुखतोय, मला रजा द्या."

भावाने ताईंपुढे चिठ्ठी सरकवली. डेपोच्या डॉक्टरांचं अक्षर सुवाच्य होतं, तेच वाईट. 'तक्रार उजव्या पायाची, इजा डाव्या पायाला. तक्रारी परस्परविरोधी. कामास योग्य.' खाली शिक्का. सोमवारी सकाळी पहिली गाडी त्याच्या नावावर लागली होती.

"डेपोत मला डावा-उजवा म्हणायला लागलेत," भाऊ म्हणाला. "म्हणोत. पण ताई, सोमवारी उतारावर पाय ब्रेकवर आहे का दुसऱ्याच कशावर, हे मला वाकून बघितल्याशिवाय कळायचं नाही. आणि वाकलो तर रस्ता कोण बघणार?"

न बघता कळत नाही, म्हणजे हिरवी. ताईंच्या ओठांवर ओळी आल्या आणि दुसऱ्या ओळीपाशी अडल्या. त्यांनी त्या पुन्हा पहिल्यापासून म्हटल्या. भावजयीला वाटलं, नणंदेच्या डोक्यावरही परिणाम झाला.

"एक गरम चमचा आण," ताई म्हणाल्या. "आणि एक गार. आणि तू डोळे मीट."

उजव्या पायाला गरम-गार नीट कळत होतं. पण अंगठा वर केलाय का खाली, ते तो तीनदा चुकला, आणि तो पाय दाबून धरला तर उचलता येईना. डावा पाय घोड्यासारखा दणकट, अंगठ्याचं उत्तर दर वेळी बरोबर. पण गरम चमचा टेकवला तरी भाऊ म्हणे, "हं, चमचा आहे." गरम का गार? "चमचा आहे."

ताईंनी पिशवीतून रंगांची पेटी काढली. चमच्याचा गरमपणा जिथवर कळत नाही, तिथवर त्या निळी रेघ ओढत गेल्या. पावलापासून वर, मांडीवरून, पोटाच्या डाव्या अर्ध्यावर, आणि बेंबीच्या चार बोटं वर येऊन रेघ थांबली. उजव्या पायावर तांबडा आणि हिरवा पट्टा ओढला. पाण्याचे रंग होते, गुदगुल्या होत होत्या, पण उजवीकडेच जास्त.

"वन्सं, हे धुतलं की जाईल ना?" भावजयीने विचारलं.

"उद्या दुपारपर्यंत धुवायचं नाही."

शनिवारी सकाळी डेपोच्या डॉक्टरांनी मान वर केली, तेव्हा समोर एक बाई तक्त्याची गुंडाळी घेऊन उभी होती आणि तिच्या मागे एक ड्रायव्हर सदऱ्याची बटणं काढत होता.

"हे काय आहे?"

"माझा भाऊ," ताई म्हणाल्या. "रंग मी दिलाय."

त्यांनी तक्ता भिंतीवरच्या कॅलेंडरच्या खिळ्याला टांगला. "साहेब, दोरीच्या उजव्या अर्ध्यात काहीतरी बसलंय. तांबडी आणि हिरवी उजवीकडच्या उजवीकडूनच जातात, म्हणून उजवा पाय जड आणि आंधळा. निळी मात्र डावीकडून शिरते ती लगेच उजवीकडे येते, म्हणून तीही तिथेच अडली. भाजणार डावाच. हे परस्परविरोधी नाही. एकाच जागेचं आहे."

"तुम्ही डॉक्टर?"

"नाही. रंगवते."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हालाही तक्त्यावरूनच सांगितलं असेल. कदाचित माझ्याच."

डॉक्टरांनी तक्त्याच्या कोपऱ्यातलं कॉलेजचं नाव वाचलं. मग त्यांनी खणातून टाचणी काढली, भावाला डोळे मिटायला सांगितलं आणि डाव्या पोटरीत टोचली. एकदा, दोनदा, जरा जोरात तिसऱ्यांदा.

"नुसतं बोट काय लावताय, टोचा की साहेब," भाऊ म्हणाला, "मला घरी जायचंय."

टाचणी वर सरकत गेली. बेंबीच्या चार बोटं वर, निळी रेघ ओलांडताक्षणी, भाऊ ओरडला. डॉक्टरांनी टाचणी खाली ठेवली आणि भावाच्या पाठीवर मधोमध एक बोट टेकवलं. मग खुर्चीत बसून जुन्या चिठ्ठीवर आडवी रेघ मारली. नव्या चिठ्ठीवर मोठ्या हॉस्पिटलचं नाव लिहिलं, आणि वर 'तातडीचं'.

"बरं झालं सोमवारच्या आत आलात," ते म्हणाले. ते कुणाला म्हणाले, हे दोघांनीही विचारलं नाही.

"मी परत गाडी चालवीन का?" भावाने विचारलं.

"स्कॅननंतर सांगतील. कदाचित तेव्हाही सांगता यायचं नाही."

"चालेल. पण मी खोटं बोलत नव्हतो, एवढं लिहाल का त्याच्यावर?"

डॉक्टर म्हणाले, तसा रकाना नाही. मग त्यांनी शिक्क्याखाली, समासात, सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'रुग्णाचं म्हणणं खरं.'

सोमवारची पहिली गाडी दुसऱ्याच कुणाच्या नावावर लागली. शनिवारीच दुपारी, हॉस्पिटलला निघायच्या आधी, भाऊ रंग धुवायला आंघोळीला बसला. ताई बाहेर पिशवी भरत होत्या. दार अर्धं उघडं होतं.

"थांबा," भावजयीचा आवाज आला. "डावा पाय घालू नका."

तिने बाही वर केली, बादलीत कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला. जेवढा वेळ कुणालाही कळायला लागला असता, त्याच्याहून जास्तच.

"जरा कढत आहे," ती म्हणाली, आणि गार पाण्याचा नळ सोडला.