डीव्हीएन फाइल कुणाची?

छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं मी. उत्तर चुकलं तर नेमकं कुठे चुकलं ते बोट ठेवून दाखवायचो. पण त्या कॉम्प्युटरपुढे माझी बुद्धीच चालेना. काळ्या पडद्यावर एकच पांढरी ओळ : डीव्हीएन नावाची फाइल सापडत नाही. अरे, सापडत नाही तर शोध ना! मला काय सांगतोस?

शहाण्णव सालची गोष्ट. जळगावातल्या आमच्या समाजाच्या मंडळाचा मी सचिव. रविवारी पाचोऱ्याला वधू-वर मेळावा होता, आणि त्याआधी तीनशे अठरा मुलामुलींची सूची छापून हातात हवी होती. प्रेसवाल्याने गुरुवार दुपारपर्यंतची मुदत दिली होती. सूचीत एकशे बारावं नाव माझ्या मुलीचं, सुनंदाचं. तिला सत्ताविसावं लागलेलं. तीन ठिकाणी पसंती होऊन मोडलं, तिन्ही वेळा पत्रिकेतला मंगळ आडवा आला. हा मेळावा हुकला की पुढचा थेट वर्षाने. माझ्या तर तोंडचं पाणी पळालं होतं.

सगळी नावं सुनंदानेच टाइप केली होती. काम पंधरा दिवसांपूर्वीच झालेलं, फक्त छापायचं बाकी. आणि सोमवारी हे असं.

कॉम्प्युटर क्लास चालवणाऱ्या लीलाधरला बोलावलं. तो म्हणाला, "सर, ही फाइल कोणत्या पॅकेजची, ते आधी कळलं पाहिजे."

"पॅकेज म्हणजे?"

"एकेका सॉफ्टवेअरच्या तीन-चार फ्लॉप्या असतात, त्यातून ढीगभर फायली मशीनमध्ये येतात. तुमचा सूचीचा प्रोग्रॅम दुसऱ्याच कुणाची तरी फाइल वापरतोय."

"मग ज्याने तो लिहिला त्याला विचार."

"तो मस्कतला गेला, सर."

वा रे वा! म्हणजे प्रोग्रॅम आमचा, फाइल दुसऱ्याची, आणि दुसरा कोण ते मस्कतला! कपाटातल्या सगळ्या फ्लॉप्या एकेक करून घातल्या. टायपिंगच्या, पत्त्यांच्या खेळाच्या, कुठल्याशा चित्रांच्या. डीव्हीएन कशातच नाही. लीलाधर डोकं खाजवायचा आणि मी त्याच्यावर खेकसायचो.

मंगळवारी सकाळच्या एसटीने धुळ्याला गेलो. आमच्याकडे आधी काम करणारा गिरधर आता तिथे होता, आणि धुळ्याची सूची याच प्रोग्रॅमवर निघायची. त्याच्या मशीनवर डीव्हीएन सापडली! मी त्याची पाठच थोपटली. "पण ही आली कुठून, बाबा?"

"नाना, इथे दोन हजार फायली आहेत. कोणती कुणाची, मला काय ठाऊक?"

फ्लॉपी खिशात जपून परत आलो. बुधवारी लीलाधरने फाइल मशीनमध्ये घातली. डीव्हीएनची तक्रार गेली, आणि आता पडद्यावर दुसरीच ओळ : डीव्हीके सापडत नाही. ही काय थट्टा लावलीय?

"ही एकटी नाही हो सर, सगळा संच हवा. पॅकेज कळल्याशिवाय गत्यंतर नाही."

तेवढ्यात आमच्याकडे स्वयंपाक करणारी सुगंधाबाई डबा घेऊन आली. धरणगावची लेक, तिला मराठीपेक्षा अहिराणीच जवळची. तिने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमना घरना बठ्ठा भांडासवर नाव शे. यानावर कोनं शे?"

मी हसलो. लग्नात भांडी एकमेकांत मिसळतात म्हणून त्यांवर नावं कोरतात, फाइलवर कोण कोरणार? पण लीलाधर हसला नाही. "अक्का, बघतो हं," म्हणत त्याने ती फाइल जशीच्या तशी पडद्यावर सोडली. टकटक आवाज करत वेडीवाकडी चिन्हं धावली. चौकटी, हसरी तोंडं, काय वाट्टेल ते. आणि त्या कचऱ्यात मधेच इंग्रजी अक्षरांत सरळ, स्वच्छ नाव : ग्रहदीप.

माझे कान तापले.

ग्रहदीप म्हणजे पत्रिका काढायचं सॉफ्टवेअर. पंधरा दिवसांपूर्वी मी एकटाच ऑफिसात होतो. सूची उघडली, तर सुनंदाच्या नावापुढे आपोआप आलेलं : मंगळ आहे. डोकंच फिरलं माझं. माझ्याच पोरीची माहिती, माझ्याच ऑफिसात, आणि इथेही मंगळ! फाइल पुसायची कशी ते मी तिच्याकडूनच शिकलो होतो. ग्रहदीप अख्खं पुसून टाकलं, फ्लॉप्या घरी नेऊन ट्रंकेत दडवल्या. पण पत्रिकेचा आणि मराठी अक्षरांचा संबंध काय? प्रोग्रॅम अक्षरं काढायला ग्रहदीपकडे जातो, हे माझ्या बापाला तरी कसं कळणार?

तसाच घरी गेलो आणि ट्रंक उघडली. चार फ्लॉप्या आणून लीलाधरपुढे ठेवल्या. त्याने लगेच पहिली मशीनमध्ये घातली. सुनंदा प्रिंटरपाशी कागद लावत होती, तिने फक्त एकदा माझ्याकडे पाहिलं. मला मान वर करवेना.

अर्ध्या तासात सूची उघडली. प्रिंटर करकरू लागला. तीनशे अठरा नावं, गावं, शिक्षणं, सगळी सुवाच्य मराठीत. एकशे बारावं नावही आलं, पुढे तेच : मंगळ आहे.

"लीलाधर, एवढी ओळ काढून टाक."

"निघत नाही, सर. प्रोग्रॅम सगळ्यांचीच पत्रिका काढतो."

मी टेबलावरची व्हाइटनरची बाटली उचलली. सुनंदाने ती माझ्या हातातून घेतली आणि झाकण घट्ट लावलं.

"राहू द्या, नाना. तो एक मंगळ पुसायला गेलात, तर तीनशे अठरा जणांची नावं गेली. माझंही गेलं होतं त्यात."

मग तिने कागद नीट जुळवले, दोऱ्याने बांधले आणि माझ्या हातात दिले. "प्रेस पाचला बंद होते. निघा."